थोडंसंच दुखतंय

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं आणि गुडघ्यांचं दादरला, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तिच्या आधीचे सहा-सात आठवडे म्हणजे रविवारचे पल्ले 25, 28, 30 किलोमीटर असे चढत जाण्याचे दिवस. जूनमध्ये ज्यांनी ठराव एकमतानं मंजूर केला होता, ते अवयव आता एकेक करून सभात्याग करू लागतात. कुणाची पोटरी लक्षवेधी मांडते, कुणाची टाच थेट हौद्यात उतरते. आणि पहाटे साडेपाचला, पार्काच्या दिव्याखाली, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येत राहतो.

“थोडंसंच दुखतंय. जाऊ की नको?”

विचारणाऱ्याकडे नीट बघा. त्यानं बूट चढवलेले असतात. नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली असते. कमरेच्या पट्ट्यात पाण्याच्या दोन बाटल्या, खिशात खजूर आणि डावा हात आकाशाकडे, कारण घड्याळाला उपग्रह सापडायचा असतो. या माणसाला ‘नको’ हे उत्तर चालणार नाही, हे पार्कातल्या कुत्र्यांनाही कळतं. निर्णय कधीच झालेला आहे. आता फक्त अनुमोदक हवाय. तो सापडतोच, कारण समोरचाही तसाच बूट चढवून उभा असतो आणि त्यालाही पुढच्याच मिनिटाला आपल्या पोटरीसाठी अनुमोदक लागणार असतो. “अरे, धावायला लागलास की सुटेल,” हे वाक्य त्यामुळे पार्कात उसनं दिलं-घेतलं जातं आणि सहसा व्याजासकट परत येतं.

खरी अडचण अशी की ते पुष्कळदा सुटतंही. धावायला लागल्यावर सुटणारं प्रत्येक दुखणं निरुपद्रवी असतं, तर हा लेख लिहायची गरजच नव्हती. पण दुखण्यांना स्वभाव असतात.

बरगडीखाली भरणारी कळ नुसती आरडाओरडा करणारी. वेग कमी करा, चार लांब श्वास घ्या, ती आपली वाट धरते. मोठ्या पल्ल्यानंतर मांड्या भरून येतात, ते दुखणं कष्टाळू आणि सरळमार्गी. ते लगेच येत नाही. 24 ते 72 तासांच्या दरम्यान कळस गाठतं आणि बोलावल्याशिवाय आलं तसं सांगितल्याशिवाय जातं. मॅरेथॉननंतरच्या सोमवारी दादर स्टेशनचा जिना बघा. कठडा धरून, पाठमोरे, एकेक पायरी उतरणारे दोन-चार सभ्य गृहस्थ दिसतील. त्यांना काहीही झालेलं नसतं. उतारावर ब्रेक लावायचं काम मांड्यांनी आदल्या दिवशी पोटभर केलेलं असतं आणि आज त्या ते करायला तयार नसतात, एवढंच.

तळव्याचं दुखणं भल्या पहाटे भेटतं. रात्रभर आखडलेला टाचेकडचा पट्टा पहिल्या पावलाला ताणला जातो आणि माणूस पलंगापासून बाथरूमपर्यंत चवड्यांवर जातो. घरच्यांना वाटतं, आपली झोपमोड होऊ नये म्हणून किती जपतोय. गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं रसिक. गुडघा वाकवून दोन तास बसलं की ते जागं होतं. शिवाजी मंदिरात दुसऱ्या अंकाच्या मध्यावर एखादा प्रेक्षक खुर्चीत चुळबुळत पाय लांब करायला जागा शोधत असेल, तर नटांनी मनाला लावून घेऊ नये. नाटक चांगलंच असतं, वाटी खराब असते.

मांडीच्या बाहेरच्या अंगानं गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या पट्ट्याचं दुखणं वक्तशीर. पहिले काही किलोमीटर ते नावही काढत नाही आणि मग ठरल्या जागी, सिद्धिविनायकाच्या सिग्नलला म्हणा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचत उभं राहतं. चाललात की गायब, धावलात की हजर, उतार लागला की विशेष खूश.

सगळ्यांत धोकेबाज मात्र घोट्यामागची जाड शीर, पोटरीला टाचेशी बांधून ठेवणारी. ही गोडबोली. सकाळी उठल्यावर ताठलेली, पहिल्या किलोमीटरला कुरकुरणारी, पण एकदा गरम झाली की अशी हसतमुख, की हिच्याबद्दल आपण वाईट विचार केला याचीच लाज वाटावी. ती तुमच्याबरोबर वरळीपर्यंत गप्पा मारत येते. तुम्ही घरी येऊन विजयी मुद्रेनं सांगता, “बघ, सुटलं की नाही!” बिल ती दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवते.

नडगीचं एवढं लक्षात ठेवावं. आतल्या कडेनं वीतभर पसरलेलं दुखणं ही पल्ला एकदम वाढवल्याची तक्रार असते. पल्ला कमी करून ती मिटवता येते. पण दुखरी जागा एका बोटाच्या टोकानं दाखवता येत असेल, त्या पायावर उडी मारली की तिथंच कळ उठत असेल आणि रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा विनोद बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा आणि “सुटेल” म्हणणाऱ्या मित्राचा नंबर काही आठवडे ब्लॉक करावा.

एवढे स्वभाव माहीत असूनही निर्णय चुकतात, याचं कारण मोजमापात आहे. फिजिओथेरपिस्टकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून भयंकर कल्पनाच करवत नाही. पद्धत साधी आहे. पण धावणाऱ्या माणसाच्या तोंडून येणारा आकडा गुडघा ठरवत नाही, कॅलेंडर ठरवतं. रविवारी पहाटे चारला जो गुडघा दोनवर असतो, तोच दुपारी माळ्यावरच्या गाद्या खाली काढायच्या म्हटल्यावर सातवर जातो. संध्याकाळी सासुरवाडीच्या सत्यनारायणाला मांडी घालून बसायचंय म्हटल्यावर नऊ. रात्री ग्रुपवर “उद्या कोण कोण?” असा मेसेज पडला की पुन्हा दीड. आमच्या कट्ट्यावरच्या एका वहिनींनी नवऱ्याच्या गुडघ्याचा असा तक्ताच करून फ्रीजवर लावला होता. दुखणं सांध्यात नसून कामात आहे, हे त्यांचं निदान. एकाही ऑर्थोपेडिक डॉक्टरला अजून ते खोडता आलेलं नाही.

सल्लागारांचा तर सुकाळ. पहिला सल्ला घरातल्या ज्येष्ठांचा, आंबेहळद आणि तुरटीच्या गरम लेपाचा. असा पिवळा गुडघा हाफ पँटीखाली लांबूनही ओळखू येतो आणि कट्ट्यावरचे सगळे त्याला लग्नाचा मुहूर्त विचारतात. दुसरा सल्ला कट्ट्यावर बसून असणाऱ्या काकांचा. काका धावत नाहीत, चालतही नाहीत, नुसते येतात. “मी सांगतच होतो, धावून गुडघे झिजतात,” एवढं म्हणायला ते पहाटे उठतात. एकदा कुणीतरी त्यांना 2017 साली प्रसिद्ध झालेला, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष ऐकवला. हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात, तर बैठ्या माणसांपैकी 10.2 टक्के लोकांना. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “आणि ते मोठ्या स्पर्धांमध्ये पळणारे?” त्यांचा आकडा 13.3 टक्के निघाला. तेव्हापासून काका रोज तेवढाच आकडा सांगतात.

तिसरा सल्ला हाडांच्या डॉक्टरांचा. “धावणं बंद करा,” असं जो डॉक्टर सांगतो, त्याचं शिक्षण कुठं झालं याची चौकशी लगेच सुरू होते. मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा. असं करत करत शेवटी स्वतः धावणारा डॉक्टर सापडतो. त्याच्या खुर्चीमागे मेडलं टांगलेली असतात. तो गुडघा दाबून बघतो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो आणि हळूच विचारतो, “फुल की हाफ?” पेशंटला भरून येतं. इतक्या दिवसांनी कुणीतरी नेमकी नस पकडलेली असते.

फिजिओच्या बाई वेगळंच सांगतात. त्यांच्या मते गुडघा बिचारा निर्दोष आहे. दोष मागच्या बाजूचा, कुल्ल्याच्या स्नायूंचा. दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसून ते आळशी झाले आणि त्यांच्या वाटणीचं काम गुडघ्यावर पडलं. यात तथ्य असतं. पण दुखतंय पुढे आणि व्यायाम मागे, हे धावपटूच्या पचनी पडत नाही. शिवाय तो व्यायाम दिसायला अगदी मामुली. कुशीवर निजायचं, गुडघ्यांभोवती रबरी पट्टा अडकवायचा आणि वरचा गुडघा उघडायचा, मिटायचा. 30 किलोमीटर धावण्यासाठी जो पहाटे तीनला उठतो, त्याला या दहा मिनिटांसाठी मात्र वेळ सापडत नाही. तो पट्टा पुढे लोणच्याच्या बरणीवर दादरा बांधायला कामी येतो.

बर्फाचं प्रकरण आणखी मजेचं. विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर, ही चतुःसूत्री अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी 1978 साली आपल्या पुस्तकात मांडली आणि ती जगभर पाठ झाली. पुढे 2014 मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फामुळे आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. ही दुरुस्ती आमच्या फ्रीजरपर्यंत पोचलेली नाही. डिसेंबरात मटार स्वस्त, म्हणून घरोघरी सोलून पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. त्यातली एक रोज रात्री गुडघ्यावर चढते आणि पुन्हा फ्रीजरमध्ये जाते. धावपटूच्या घरी पुलावातले मटार फार मऊ लागले, तर पाहुण्यांनी तांदळाचं कौतुक करावं.

“शर्यतीआधी एक गोळी टाक,” हा सल्ला मात्र हसण्यावारी नेऊ नये. तासन्‌तास धावताना घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. अशा वेळी इबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडावर भलता ताण आणू शकते. आणि दुखणं गोळीनं कुठंही जात नाही. विरोधी पक्षाचे सगळे सदस्य निलंबित केले म्हणून कामकाज शांततेत चालतं, प्रश्न तिथंच राहतात.

मग प्रत्यक्षात निर्णय घेतं कोण? भरलेली फी. ती परत मिळत नाही, आणि मराठी माणसाच्या मनात परत न मिळणाऱ्या पैशांइतका बलवान स्नायू दुसरा नाही. त्या खालोखाल जाहीर केलेला शब्द. ऑफिसात सांगून झालेलं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे मिळालेले असतात. चुलत बहीण पेडर रोडच्या चढावर पुठ्ठ्याचा बोर्ड घेऊन उभी राहणार असते आणि त्या बोर्डावरची अक्षरं तिच्या मुलीनं रंगवलेली असतात. एवढ्या सगळ्यांपुढे एक नडगी काय टिकणार?

शेवटचं मत घड्याळाचं. एरवी शहाणासुरता माणूस पोटरी धरल्यामुळे धावणं आवरून घरी परततो, हे कौतुकास्पद. पण फाटकाशी पोचल्यावर मनगटावर 9.87 दिसतं. आता दहा पूर्ण झाल्याशिवाय स्ट्राव्हा ॲपवर काय तोंड दाखवणार? मग तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटर आणि मारुतींच्या मधून, लंगडत फेऱ्या मारतो. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहतो, कारण साहेबांचं काहीतरी हरवलंय असं त्याला वाटतं. त्याचा अंदाज फारसा चुकीचा नसतो.

धावायचंच ठरवलेल्या मंडळींकडे एक हुकमाचा एक्का असतो, जॉन स्टीफन अख्वारी. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टांझानियाचा हा धावपटू मॅरेथॉनच्या वाटेत पडला, गुडघा जखमी झाला. तरी पट्टी बांधून, लंगडत, विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळानं तो स्टेडियममध्ये पोचला. शर्यत पूर्ण करणाऱ्या 57 जणांत तो शेवटचा. सुवर्णपदक इथिओपियाच्या मामो वोल्डेनं जिंकलं, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते अख्वारीचं. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. फक्त अख्वारीला त्याच्या देशानं पाठवलं होतं. आपल्याला कुणी पाठवलेलं नसतं. उलट निघताना घरचे दार अडवून उभे असतात.

या एक्क्यावर उतारी आहे एलिउड किपचोगेची. ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्ण लागोपाठ दोनदा जिंकलेला हा केनियाचा माणूस. 10 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला तिसऱ्या सुवर्णासाठी उतरला. कंबर दुखू लागली आणि 30 किलोमीटरनंतर तो थांबला. त्याच्या कारकिर्दीतली अर्ध्यावर सोडलेली ती पहिली मॅरेथॉन. थांबल्यावर त्यानं पायातले बूट आणि मोजे प्रेक्षकांना देऊन टाकले. आमच्या कट्ट्यावर हे सांगितलं की लोक आदरानं मान हलवतात आणि म्हणतात, “त्याचं बरोबर आहे, त्याला पुढे करिअर आहे.” म्हणजे जगातल्या सर्वोत्तम धावपटूनं थांबलेलं चालतं. साडेपाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्या वित्त विभागातल्या उपव्यवस्थापकाला मात्र थांबणं परवडत नाही.

थांबावं की धावावं, याचं बऱ्यापैकी शहाणं उत्तर खरं तर उपलब्ध आहे. 2007 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी घोट्यामागच्या शिरेच्या दुखण्याचे रुग्ण दोन गटांत वाटले. दोघांनाही व्यायाम तेच. एका गटाला पहिले सहा आठवडे धावण्या-उड्या मारण्याला बंदी, दुसऱ्याला परवानगी, पण नियमांसह. दुखणं दहापैकी पाचापर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं असलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. दोन्ही गट सुधारले, धावणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. या नियमातला पाचाचा आकडा कट्ट्यावर सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचं कलम कुणाच्याच लक्षात राहत नाही. वास्तविक सगळं शहाणपण त्याच कलमात आहे, कारण धावताना गुडघ्याची साक्ष घेणारा माणूस बूट घालून, आकडा ठरवून आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो अर्धवट झोपेत, अनवाणी, बाथरूमकडे निघालेला असतो. तेव्हा खोटं बोलायला त्याला सुचतही नाही. याला एकच जोड द्यावी. दुखण्यामुळे पाऊल वाकडं पडायला लागलं, म्हणजे लंगडणं सुरू झालं, की आकडा कितीही असो, थांबावं. एक गुडघा वाचवायला दुसऱ्याला कामाला लावलं, की थोड्या दिवसांनी जोडीनं दुखतात.

माणसं थांबतच नाहीत असंही नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला, अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाते. आज चालू की नको, असा प्रश्न तिथं पहाटे कुणी कुणाला विचारत नाही, कारण मुक्काम आधीच ठरलेले असतात. पाय कितीही शाबूत असोत, पालखी थांबली की थांबायचं. संध्याकाळी पायांना तेल चोळून देणारे सेवेकरी वाटेवर बसलेले असतात. पुण्यात पालखी दोन रात्री राहते, तेव्हा “मी तोवर दिवेघाट एकदा मारून येतो” असं कुठलाही वारकरी म्हणत नाही. आमच्या सरावाच्या तक्त्यातही विश्रांतीचे वार छापलेले असतात. ते बघून लोक म्हणतात, “आज रेस्ट आहे, तर सायकल काढू या.”

म्हणून माझी आयोजकांना एक सूचना आहे. विश्रांतीला नुसती जागा देऊन भागणार नाही, तिची स्पर्धा भरवली पाहिजे. जानेवारीच्या आधी, डिसेंबरच्या एखाद्या रविवारी, विश्रांती मॅरेथॉन. फी भरपूर आणि परत न मिळणारी. छातीला नंबर, पायाला चिप. माणूस गादीवरून हलला की चिप वाजेल आणि वेळ कापला जाईल. पाच तास निजण्याचा फुल गट, अडीच तासांचा हाफ आणि नवशिक्यांसाठी वामकुक्षी रन. शेवटी टीशर्ट, केळं आणि मेडल. घरचे बोर्ड घेऊन पलंगाशेजारी उभे राहतील. लोक रांगा लावून नावं नोंदवतील, तीन महिने आधीपासून दुपारची तयारी करतील, झोपायचे नवे उच्चांक एकमेकांना कळवतील आणि सगळ्यांचे गुडघे एकदाचे बरे होतील.

फक्त त्या रविवारी पहाटे, चौथा तास संपत आला असताना, एखादा स्पर्धक छातीवरचा नंबर सरळ करत कुशीवरूनच बायकोला विचारेल, “अगं, पाठ थोडीशीच दुखतेय. पडून राहू की उठू?” आणि शेजारच्या घरातून, दुसऱ्या गादीवरून, कुणीतरी ओरडेल, “पडून राहा रे, सुटेल!”